अर्धशिशी म्हणजे ढोंग नव्हे

अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, मळमळतं. आणि घरात ऐकावं लागतं, 'कामाच्या वेळेलाच बरं दुखतं हिचं!'

हे ढोंग नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्यातलं एक रसायन म्हणजे सेरोटोनिन. (शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तयार होतं मात्र आतड्यात!) अर्धशिशीत त्याचा तोल बिघडतो, असं डॉक्टर मानतात. १९९१ साली आलेलं सुमाट्रिप्टान हे औषध सेरोटोनिनच्याच जागी जाऊन काम करतं. पण हृदयविकार असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल, तर ते चालत नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन उतरतं, तेव्हा कित्येकींचं दुखणं उठतं. कडक उपास, जागरण यांनीही. म्हणून पाळी, उपास, झोप आणि दुखण्याचे दिवस वहीत लिहा, ती वही दवाखान्यात दाखवा.

दुकानातली गोळी महिन्यात १०-१५ दिवस घेत राहिलं, तर त्या गोळीनंच डोकं दुखू लागतं. हे आम्हाला फार जणींत दिसतं.

आणि एकाएकी कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर अर्धशिशी समजून घरी पडू नका. लगेच दवाखाना गाठा.