क्षेपणास्त्र पाडायचं की चुकवायचं?



2025 च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, आकाशातल्या आकाशात ड्रोन आणि क्षेपणास्त्रं फुटताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तेव्हापासून वर्धा, पुलगाव, आर्वीकडची पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, हेलिकॉप्टरला एवढी मोठी तोफ असते. मग अंगावर येणारं क्षेपणास्त्र ते गोळ्या घालून पाडत का नाही?"

प्रश्न चांगला आहे. मिनिटं मोजकी आहेत, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. आजच्या घडीला ते जमण्यासारखं नाही. आणि जे जमतं ते साधं आहे, त्या मानानं स्वस्त आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडून राहून जातं. माझी सगळी तळमळ या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

आधी हिशेब करू. स्टिंगरसारखं खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र घ्या. जाडी जेमतेम 7 सेंटिमीटर. वेग आवाजाच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 600 मीटर धरा. 3 किलोमीटरवरून सुटलं तर हातात किती वेळ? पाच सेकंद. त्यातच ते दिसायला हवं, खरंच आपल्यावर येतंय हे कळायला हवं, तोफ वळायला हवी, नेम लागायला हवा. तोफ असते नाकाखाली, पुढं पाहणारी. क्षेपणास्त्र बहुतेक वेळा येतं मागून, खालून, इंजिनाच्या तापलेल्या धुराचा माग काढत.

बरं, तोफ वळली असं समजा. अपाचे हेलिकॉप्टरची 30 मिलिमीटरची तोफ सेकंदाला दहाएक गोळे सोडते. हेलिकॉप्टर स्वतःच थरथरत असतं. नेमात हजारातल्या एका भागाची चूक झाली, तरी किलोमीटरभरावर गोळा एक मीटर बाजूनं जातो. आणि मारायचं काय आहे? सात सेंटिमीटर!

जहाजांवर हे काम करणाऱ्या तोफा आहेत. अमेरिकी फॅलँक्स सेकंदाला 75 गोळे सोडते, तिचं स्वतःचं रडार असतं. पण तिचं वजन सहा टनांच्या घरात. आपलं 'प्रचंड' हेलिकॉप्टर माणसं, इंधन, शस्त्रं सगळं धरून 5.8 टनांचं उडतं. आता ती तोफ बसवायची कुठं?

ड्रोनची गोष्ट वेगळी. तांबड्या समुद्रात मार्च 2024 मध्ये फ्रेंच नौदलाच्या हेलिकॉप्टरनं मशीनगननं ड्रोन पाडलं. पण तसलं ड्रोन ताशी 180 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 50 मीटर. क्षेपणास्त्र त्याच्या बारापट. तेव्हा ड्रोन पाडल्याची चित्रफीत पाहून "बघा सर, जमतं की," असं म्हणू नका.

मग वाचायचं कसं? रात्री वावरातून सायकलनं घरी येताना कुत्रं मागे लागतं, तो प्रसंग आठवा. चालत्या सायकलवरून धोंडा मारून कुत्र्याला लोळवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तसं करायला जाणारा स्वतःच पडतो. शहाणा माणूस डब्यातला भाकरीचा तुकडा फेकतो. कुत्रं तिकडं वळतं, आपण पुढं निघतो. हेलिकॉप्टरचा फ्लेअर म्हणजे हा भाकरीचा तुकडा. मॅग्नेशियमचा धगधगता गोळा, इंजिनापेक्षा जास्त तापलेला. उष्णतेचा वास काढत येणारं क्षेपणास्त्र त्याच्या मागे जातं.

पण तुकडा वेळेवर फेकायचा तर कुत्रं मागे लागलंय हे आधी कळायला हवं. म्हणून क्षेपणास्त्र येत असल्याची सूचना देणारं यंत्र हवं. डबा घट्ट झाकलेला असेल तर कुत्र्याला वासच कमी येतो. म्हणून इंजिनाचा गरम धूर थंड हवेत मिसळून सोडणारी नळी हवी. ज्या वाटेवर कुत्री आहेत ती वाटच टाळली तर उत्तम. म्हणून वैमानिक डोंगराच्या आडून, जमिनीला धरून उडतात. आणि काही कुत्री भाकरीला भुलत नाहीत. नवी क्षेपणास्त्रं तशी आहेत, त्यांना इंजिन कोणतं आणि फ्लेअर कोणता हे ओळखता येतं. त्यांच्या डोळ्यांवर बॅटरी मारावी लागते. ते लेझरचं काम, त्याकडे वेळ उरला तर येतो.

आता भाकर जवळ नसेल तर काय होतं, ते ऐका. 28 मे 1999, कारगिल, तोलोलिंग. हवाई दलाची एमआय-17 हेलिकॉप्टरं रॉकेटं घेऊन हल्ल्याला गेली. त्यातलं एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पडलं. चौघेही गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडणारी यंत्रणा नव्हती. पुन्हा सांगतो, कारण हे कानावरून जाऊ देण्यासारखं नाही. रॉकेटं होती, फ्लेअर नव्हते. मारायची तयारी पुरी होती, चुकवायची नव्हती. त्यानंतर सशस्त्र एमआय-17 त्या कामातून काढून घेतली.

दुसरा प्रसंग याहून जिव्हारी लागणारा आहे. 27 फेब्रुवारी 2019, बडगाम. श्रीनगरहून उडालेलं एमआय-17 काही मिनिटांतच पडलं, आणि ते आपल्याच क्षेपणास्त्रानं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. आपला कोण, परका कोण हे सांगणारं ओळख यंत्र बंद असल्याचं चौकशीत पुढं आलं. ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केलं. रात्री आपल्याच वाड्याच्या दारात येताना माणूस हाक देतो, म्हणून दारातला कुत्रा अंगावर येत नाही. हाक दिली नाही, तर त्या मुक्या जनावराला काय बोल लावायचा? एक बटण, श्रोतेहो. कुठली तोफ त्या दिवशी कामाला आली असती?

हे भाकरीचे तुकडे आपल्याकडे बनत नाहीत असंही नाही. रडारच्या मागानं येणाऱ्या क्षेपणास्त्रांना चकवायला चॅफ लागतो, धातूचा मुलामा दिलेले केसाएवढे तंतू. हवाई दलासाठी नवा चॅफ जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं आपल्या पुण्याच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेच्या साथीनं विकसित केला आणि 2021 मध्ये तो जाहीर झाला. पुण्याच्या प्रयोगशाळेचं हे काम किती मराठी घरांना ठाऊक आहे? नव्या क्षेपणास्त्राची चाचणी झाली की पहिल्या पानावर. चॅफची बातमी कुठल्यातरी कोपऱ्यात.

पण हे तुकडे नुसते बनवून भागत नाही, ते जपावेही लागतात. वर्ध्याच्या माणसाला तरी हे जास्त सांगावं लागू नये. पुलगावच्या दारूगोळा डेपोला 30-31 मे 2016 च्या मध्यरात्री आग लागली, तेव्हा आग विझवायला धावलेली माणसं गेली, अधिकारी गेले. दारूगोळ्यालाही वय असतं, हे आपल्या जिल्ह्यानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. फ्लेअरच्या नळकांड्यांनाही वय असतं. कोंदट जागेत पडलेलं, मुदत उलटलेलं नळकांडं ऐनवेळी पेटलं नाही, तर ते असून नसल्यासारखं. नळकांडी मोजणारा, तारखा तपासणारा, जुनी बाजूला काढणारा जो माणूस भांडारात असतो, तो वैमानिकाचा जीव राखतो. त्याला कुठलं पदक मिळतं, यावर मला खरं तर सविस्तर बोलायचं होतं, पण समोरचा लाल दिवा लुकलुकायला लागला आहे.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी नव्या हेलिकॉप्टरची बातमी आली की तोफ किती मिलिमीटरची हे नंतर विचारा. आधी तीन गोष्टी विचारा. सूचना देणारं यंत्र आहे का? फ्लेअर आणि चॅफ भरलेले आहेत का, आणि मुदतीतले आहेत का? ओळख यंत्र चालू आहे का? सेवाग्रामला, नागपूरला अभियांत्रिकी शिकणाऱ्यांनी तर यातलं एखादं काम हाती घ्यावं. सूचना देणारं यंत्र अजून हलकं आणि स्वस्त व्हायला हवं. त्यासाठी तल्लख पोरं हवीत, आणि ती आपल्याकडे आहेत.

लेझरचं राहूनच गेलं. तो विषय मोठा आहे, त्याला वेगळा वेळ मागून घेईन.