युरिक ॲसिड: दोष फक्त मासळीचा नाही

वसईजवळच्या जूचंद्रसारख्या आगरी गावात जेवणात सुकट, मांदेली, तारली असतेच. युरिक ॲसिड वाढलं की पहिला ठपका मासळीवर येतो. तिच्यातल्या प्युरिन नावाच्या घटकामुळे ते वाढतं, हे खरंच. पण बहुतांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच तयार करतं आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पोट सुटलं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि हा निचरा मंदावतो. बिअर आणि साखरेची शीतपेयं त्यात भर घालतात. म्हणून तपासणीत युरिक ॲसिड दर डेसिलिटरमागे 7 मिलिग्रॅमच्या वर दिसलं, तर रक्तदाब, रक्तातली साखर, चरबी आणि कंबरेचा घेरही तपासून घ्या. रोज चाला, वजन हळूहळू उतरवा आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.