खुंटी उपटू नका, नोंद करा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. ते दुपारच्या सत्रात होईलच. पण सकाळपासून चार गावचे कार्यकर्ते आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आले. शिवारात चुना मारलेल्या खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांना लाल चिंध्या बांधल्या आहेत, कोणी पोरे यंत्र घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरतात आणि विचारले तर ‘सर्वे आहे’ एवढेच सांगतात. मग गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सोने सापडले, आता आपण राजे. दुसरा म्हणतो, जमीन गेली, आता आपण भिकारी. आणि दोघेही आमच्या तोंडाकडे बघतात. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, म्हणजे जमिनीतले सगळे आम्हाला कळते असा त्यांचा समज.

खरे सांगायचे तर आम्हाला जमिनीचे वरचे दोन-तीन फूट कळतात. त्याखालचे आम्ही नंतर, ठेच खाऊन शिकलो. ती ठेच आधी सांगतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका गावात अशाच खुंट्या आल्या. हरभरा घाट्यावर होता. गावाने आम्हाला बोलावले. रात्री मारुतीच्या पारावर सभा झाली आणि आम्ही तावातावाने बोललो, ‘खाण येणार, गाव उठणार, उपटा या खुंट्या.’ पोरांनी रातोरात चाळीस खुंट्या उपटल्या. टाळ्या मिळाल्या, आम्ही घरी आलो.

आठ दिवसांनी मोजणीवाले परत आले. सगळ्या ओळी पुन्हा आखल्या, हरभरा दुसऱ्यांदा तुडवला गेला. भरपाई कोणी मागितली नाही, कारण ही माणसे कोणाची, परवाना कोणाचा, हेच कोणी विचारले नव्हते. पंचनामा नव्हता, नोंद नव्हती.

पण हे नुकसान छोटे. मोठे नुकसान पुढे झाले. ‘खाण येणार’ हे आमचे वाक्य गावाने खरे मानले. पंधरा दिवसांत जीप घेऊन एक दलाल आला. म्हणाला, ‘सरकार घेणारच आहे, मातीमोल देईल. मी आज रोख देतो.’ तीन घरांनी निम्म्या भावात जमीन विकली. खाण आलीच नाही. पुढे त्या तुकडीतले एक भूशास्त्रज्ञ एस.टी. स्टँडवर भेटले, त्यांनी सांगितले की यंत्राने दाखवले ते तांबे नव्हते, ग्रॅफाइट असलेला काळा खडक होता. दोन बोअर घेतले आणि फाईल बंद केली. त्या तीन घरांपैकी एका घरचा मुलगा आज या मंडपात बसला आहे. आपल्याच जुन्या शेतात तो रोजाने निंदणाला जातो. दलालाने त्यांना लुबाडले हे खरे, पण भीतीचे बी आम्ही पेरले होते. खाण येणार हे आम्हाला कोणी सांगितले होते? कोणीही नाही. खुंटी दिसली आणि आम्हाला तिथे खाण दिसली.

म्हणून मोजणी म्हणजे काय, ते आज नीट समजून घेऊ.

यंत्राला काय दिसते?

आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात खनिज नवे नाही. १८९६ साली मँगनीज शोधण्यासाठी इंग्रजांची कंपनी इथे उभी राहिली, १९६२ साली त्या धंद्यातून मॉईल झाली. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे तुम्हाला पाठ आहेत. कुही-खोबना भागात टंगस्टन आणि कोलारी-भानोरी भागात जस्त असल्याचे भूशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. जुन्या काळी मँगनीज टेकडीवर काळे दिसायचे, तिथे कुदळ मारली की झाले. उघडे होते ते काढून झाले. आता शोधायचे राहिले ते मातीखाली, धानाच्या बांधीखाली. न खोदता खालचे ओळखायचे, म्हणून ही यंत्रे.

पहिले यंत्र मॅग्नेटोमीटर. पृथ्वीचे चुंबकपण आपल्याकडे ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर असते. खाली चुंबकी खनिज असले तर त्यात थोडा चढउतार होतो, तो हे यंत्र टिपते. हे चालवणाऱ्याच्या खिशात किल्ली चालत नाही, कमरेला बक्कल चालत नाही. तारेचे कुंपण, मोटारपंप, विजेची डीपी, बैलगाडीची धाव, सगळे त्याला गोंधळात टाकतात. म्हणून ते तुम्हाला विळा-कोयता घेऊन दूर व्हायला सांगतात. त्यात गुपित काही नाही. दुसरे एक तसलेच यंत्र दिवसभर एकाच जागी ठेवलेले असते, कारण पृथ्वीचे चुंबकपण दिवसाच्या प्रहराप्रमाणे थोडे बदलते आणि तो फरक वजा करावा लागतो.

दुसरे ग्रॅव्हिमीटर. साधा खडक पाण्याच्या पावणेतीन पट जड, मँगनीजचे चांगले खनिज चौपटीहून जड. जड वस्तू खाली असली की तिथे पृथ्वीची ओढ तिळभर वाढते. ही ओढ मिलिगॅलमध्ये मोजतात, आणि एक मिलिगॅल म्हणजे एकूण ओढीचा साधारण दहा लाखावा भाग. गंमत अशी की नुसती मीटरभर उंची बदलली तरी ०.३ मिलिगॅलचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक खुंटीची उंची काटेकोर घ्यावी लागते. लोक पट्टी धरलेला माणूस बघतात आणि म्हणतात, कालवा येणार! कालवा नाही, वजनकाट्याची पातळी लावणे चालले आहे.

तिसरी पद्धत विजेची, आणि ती तुम्हाला ओळखीची आहे. विहिरीसाठी भूजल सर्वेक्षणवाले दोन सळया ठोकून जमिनीत वीज सोडतात आणि मधल्या दोन ठिकाणी दाब मोजतात, तीच ही. सळया जितक्या लांब, तितका खोलचा अंदाज. तांबे-जस्तासाठी आणखी एक गोष्ट बघतात. वीज बंद केल्यावर जमीन तो दाब लगेच सोडते की क्षणभर धरून ठेवते? गंधकाशी जोडलेले तांब्याचे खनिज असले तर ती धरून ठेवते, लहानशा बॅटरीसारखी. दाब मोजायला मातीची सच्छिद्र भांडी ठेवतात, त्यात निळे पाणी असते. एका गावात त्याला विष म्हणून बोंब झाली होती. ते मोरचूद आहे. आपण बोर्डो मिश्रणात वापरतो तेच. सळईपाशी तांब्याभर मिठाचे पाणी ओततात, त्याने जमीन खारवट होत नाही. जपायचे ते एवढेच की वीज चालू असताना वायरला पोरे आणि जनावरे शिवू नयेत. त्या वायरीतला दाब जीवघेणा असू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या यंत्रांपैकी एकही ‘इथे तांबे आहे’ असे सांगत नाही. ते फक्त सांगते, ‘इथे शेजारच्यापेक्षा काही वेगळे आहे.’ ग्रॅफाइटही तांब्यासारखाच दाब धरून ठेवतो. काही चिकणमातीही फसवतात. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी मशीनने दाखवलेल्या पॉइंटवर बोअर घेतले आणि धुरळा निघाला? हात वर करा. बघा, अर्धा मंडप! जे यंत्र पाण्याच्या बाबतीत चुकते, ते तांब्याच्या बाबतीत चुकत नाही असे कसे मानता? त्याच्या भरवशावर सातबारा विकायचा?

मोजणीनंतर बोअर, बोअरमधल्या खडकाची तपासणी, मग साठ्याचा हिशोब, मग लिलाव, मग परवानग्या. बहुतेक शिवारे पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच सुटतात. पण सगळीच सुटत नाहीत, म्हणून झोपूनही चालणार नाही.

हक्क कोणाचा?

अमेरिकेत १८७२ चा कायदा आहे. त्याने सरकारी जमिनीवर खनिज शोधणारा खुंट्या ठोकून आपला दावा सांगू शकतो. आणि तिथे खाजगी जमिनीच्या पोटातले खनिज, कोणी वेगळे विकले नसेल तर, जमीनमालकाचेच असते. आपल्याकडे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८. खनिजावरचा हक्क राज्य सरकारचा. २०१३ साली केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की कायद्याने काढून घेतले नसेल तर जमिनीखालचे खनिज जमीनमालकाचे. आपल्या वाटेत कलम ४८ आडवे उभे आहे. वरची माती, तिचे कर्ज आणि तिचा तोटा आपला. खालचा माल सरकारचा.

आणखी पुढचे ऐका. २०१५ पासून मोठ्या खनिजांचे पट्टे लिलावाने जातात. २०२३ च्या दुरुस्तीने तांबे, जस्त, सोने, टंगस्टन अशा २९ खनिजांसाठी शोधाचा वेगळा परवाना आला. त्यात शोधणाऱ्या कंपनीला पुढच्या लिलावाच्या रकमेतला हिस्सा मिळतो. शोधणाऱ्याला हिस्सा मिळतो याबद्दल आमची तक्रार नाही, त्याने जोखीम घेतली. पण ज्याच्या वावरात ते निघाले त्याला त्या रकमेत हिस्सा का नाही? जिल्हा खनिज निधी आहे, हे खरे. लिलावाच्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के त्यात जमा होतात. पण तो निधी जिल्ह्याचा, तुमच्या खात्यात येणारा नव्हे. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. मात्र मागणी करायला आधी आपला कागद हातात हवा.

आजच्या कायद्यात आपल्या बाजूचे एक कलम आहे, ते पाठ करा. खाण आणि खनिज कायदा १९५७, कलम २४-अ. परवानाधारकाला आपल्या जमिनीत येता येते, हे खरे. पण घरात, आवारात किंवा घराला लागून असलेल्या बागेत तुमच्या संमतीवाचून यायचे तर त्याने सात दिवस आधी लेखी नोटीस दिली पाहिजे. आणि त्याच्या कामाने झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या नुकसानीची भरपाई जमीन कसणाऱ्याला द्यावी लागते. ती किती, हे राज्य सरकार ठरवते. सरकारी भूशास्त्र खात्यांना परवाना लागत नाही, पण त्यांच्याकडे कार्यालयाचे पत्र असते.

करायची पाच कामे

एक, खुंटी उपटू नका. आलेल्या माणसाला पाणी द्या आणि पत्र मागा. कोणाचे काम, कोणते खनिज, कोणते गट नंबर, किती दिवस, हे वहीत लिहा. पत्राची प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

दोन, पीक उभे असेल तर सोंगणीनंतर यायला सांगा. ही मोजणी आठ-पंधरा दिवसांनी केली म्हणून खालचा खडक कुठे जात नाही. ऐकले नाही तर तलाठ्याला कळवा, पंचनामा मागा. पंचनाम्यात नुसते ‘तूर तुडवली’ असे लिहू नका. किती ओळी, किती लांब, पीक फुलोऱ्यात की शेंगेत, तेही लिहा. फुलातली मिरची आणि तोडा झालेली मिरची यांच्या नुकसानीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तीन, मोजणीनंतर बोअरची मशीन आली तर त्याआधी आपल्या विहिरींची पाण्याची पातळी मोजा. दोरीला दगड बांधा, तारीख टाका, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. मे महिन्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. उद्या विहीर आटली तर ‘आधी पाणी होते’ हे बोलून सिद्ध होत नाही. शोधाचे बोअर काम संपल्यावर बुजवून, तोंड बंद करून द्यायला लावा. उघड्या बोअरमध्ये लेकरू पडले की साऱ्या गावाचा जीव टांगणीला लागतो.

चार, निकाल विचारा. सरकारी शोधाचे अहवाल दाबून ठेवण्याची वस्तू नव्हे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्ज करा. लिलावाच्या जाहिराती वाचणारा एक मुलगा प्रत्येक गावात ठरवा.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचे. अफवेवर जमीन विकू नका. घाईने घेणारा आला की समजा, त्याला तुमच्यापेक्षा काहीतरी जास्त माहीत आहे, किंवा तुम्हाला काहीच माहीत नाही हे त्याला माहीत आहे. दोन्ही बाजूंनी तोटा तुमचाच.

भावांनो, खाणीला विरोध करायचा की अटी घालायच्या, हे त्या त्या गावाने ठरवायचे. ते ठरवायची वेळ आली तर आम्ही तुमच्यासोबत बसू. पण ते माहितीवर ठरवा. एकदा आम्ही अंधारात बोललो आणि तीन घरांनी त्याची किंमत मोजली. ती चूक आम्ही पुन्हा करणार नाही, तुम्हीही करू नका.

ज्या चार गावांत खुंट्या आल्या आहेत, त्या गावच्या कार्यकर्त्यांनी जेवणाच्या सुटीत वही-पेन घेऊन मंडपाच्या मागे यावे. पत्र कसे मागायचे त्याचा मसुदा आपण तिथेच लिहून काढू.