पुस्तक आणि चेंडू
(विद्यार्थी वसतिगृहाच्या सभेत केलेले भाषण)



गरिबाच्या पोराने खेळावे, ही पुष्कळ शहाण्यांस अजून चैन वाटते. त्याने गुरे राखावीत, फार तर चार अक्षरे गिरवावीत! या समजुतीस छोटा नागपुरातील एका मुंडा मुलाने दिलेले उत्तर आम्ही आज आपणांपुढे ठेवतो.

जयपालसिंग मुंडा यांचा जन्म १९०३ साली खुंटीजवळच्या एका खेड्यात झाला. लहानपणी ते गुरे राखीत. राँचीच्या सेंट पॉल या मिशनच्या शाळेत त्यांस पुस्तकही मिळाले व हॉकीची काठीही मिळाली. तेथील मुख्याध्यापक कॉसग्रेव्ह यांनी त्यांस विलायतेस नेले. ऑक्सफर्डात ते शिकले आणि खेळलेही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकात हिंदी हॉकी संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचे ते कप्तान होते. मैदानावर पुढारीपण शिकलेला हाच गडी १९४६ साली घटना समितीत आदिवासींचा कैवार घेऊन उभा राहिला.

मिशनऱ्यांस धर्मप्रसार करावयाचा होता, हे आम्ही झाकीत नाही. पण त्यांस नावे ठेवणाऱ्यांनी त्या रानात तोवर किती शाळा काढल्या होत्या? आमचे जोतीराव फुलेही पुण्यास स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले.

सभ्यहो, बुद्धी व चपळाई झोपडीतही जन्मते. तिला उघडे दार तेवढे हवे असते. म्हणून जेथे वसतिगृह काढाल, तेथे मैदानही राखा. पुस्तक आणि चेंडू, दोहोंवर आमच्या पोरांचा हक्क आहे!