कार्यशाळेचे कुलूप

तंत्रशिक्षण परिषदेसाठी पेण-रोह्याच्या गावागावांतून, आदिवासी वाड्यांवरून आलेल्या शिक्षक बंधुभगिनींनो,



पेण म्हणजे गणपतीचे कारखाने. शाडू किती ओली हवी, साचा केव्हा सोडवायचा, हे इथल्या कारागिरांच्या पोरांच्या बोटांना कळते. तेच पोर विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर गप्प असते. हे मला फार बोचते. माझ्या शाळेत लेथ होते, पण मोडेल म्हणून खोलीला कायम कुलूप. मी पहिल्यांदा कानस हातात धरली ती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला.

म्हणून आज डॉ. श्रीनाथ कलबागांचे स्मरण करतो. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर असलेला हा माणूस नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेला. १९८३ साली त्यांनी तिथे विज्ञान आश्रम उभा केला आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याच कामात राहिले. त्यांनी गावच्या शाळेत मूलभूत तंत्रज्ञान हा विषय आणला. आठवी ते दहावीच्या मुलांचा आठवड्यातला एक दिवस कामाचा : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. यात निवड नाही, सगळे सगळ्यांना. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाकघरात उभे राहतात. मुले गावाची खरी कामे मोबदला घेऊन करतात, त्यामुळे काम चोखच व्हावे लागते. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली आणि तो इतर जिल्ह्यांतल्या शाळांत पोचला.

काम करता करता शिकावे, हा विचार आपल्याला परका नाही. नयी तालीमचा, म्हणजे कामातून शिक्षणाचा, आग्रह धरणारे विनोबा याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मले. कलबागांनी त्या विचाराच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला, असे मी मानतो.

पाबळला शिकवणारे निदेशक बहुधा गावचेच कारागीर. आपल्याकडे तर रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तिथून निवृत्त झालेले काही फिटर, टर्नर, वायरमन आज मागच्या रांगेत बसले आहेत. आठवड्यातून एक दिवस शाळेत यायची त्यांची तयारी आहे. दुपारच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसा, आणि उठण्याआधी कोणता वार ते ठरवून घ्या.