सुईविना सहा महिने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे, हे मलाही कळते. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "काही उपयोगाचे सांगा," म्हणून क्षयाविषयी बोलते. या रोगाचे नाव निघाले, की आपण आवाज खाली आणतो. आज जरा मोठ्याने बोलू.

माझी धाकटी जाऊ इथेच पुढे बसली आहे. तिच्या संमतीनेच सांगते. २०१२ साली तिला क्षय झाला. थोडे बरे वाटताच आम्ही घरच्यांनीच गोळ्या थांबविल्या. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस. दवाखान्यात जायला सवड कुणाला? रोग उलटला आणि नेहमीच्या औषधांना दाद देईना. मग महिनोन्‌महिने सुया, ओंजळभर गोळ्या, सारी मिळून दोन वर्षे. रोग गेला, पण सुयांनी कान नेले. आता ती माझे बोलणे ओठांवरून ओळखते.

मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांचेही ऐकणे २०१३ साली अशाच सुयांनी गेले. त्या गप्प बसल्या नाहीत. बेडाक्विलीन या नव्या गोळीवरचा कंपनीचा पेटंट-हक्क आणखी लांबू नये, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह त्यांनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कचेरीने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे इतरांना ही गोळी स्वस्तात बनविण्याची वाट मोकळी झाली.

आता आनंदाची गोष्ट. बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या उपचाराला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संमती दिली आणि आपल्या सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये. सुई एकही नाही. नुसत्या गोळ्या, आणि मुदत सुमारे सहा महिने. पूर्वी वीस-वीस महिने लागत.

मात्र ही औषधे आपल्या मनाने घ्यायची नव्हेत. कुणाला कोणती चालतील, हे थुंकी तपासूनच डॉक्टर ठरवितात. गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते आधीच सांगावे. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, नजर अंधुक होऊ शकते. असे झाले तर गोळी गुपचूप टाकू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये रोग्याच्या खात्यावर जमा होतात.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन ही लक्षणे दिसली, तर सुनेला "दृष्ट लागली" म्हणून घरात बसवू नका.

काल हे सारे जाऊला लिहून दाखविले. तिने दोनदा वाचले आणि विचारले, "सुई नाही?" मी मान हलविली. जरा वेळाने ती म्हणाली, "मग उद्या सगळ्यांना सांगा वहिनी, मधेच गोळ्या सोडू नका म्हणावं."

तिचा निरोप मी पोहोचविला.