गोळी कधी सुरू करायची?

गेल्या दोन महिन्यांत आपल्या मंडळातल्या तिघांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "रिपोर्टमध्ये शुगर आली आहे. डॉक्टर गोळी घ्या म्हणतात. घेऊ का थांबू?" मी डॉक्टर नाही, आयटीतला माणूस आहे. तरी मला विचारतात, कारण मी मेटफॉर्मिन घेतो आणि ते लपवत नाही. म्हणून आज या निर्णयाबद्दल बोलतो. तुमचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आधी आकडे. गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी म्हणजे ए-वन-सी. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबिटीस, ६.५ आणि वर डायबिटीस. काही त्रास नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का बसत नाही. दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. अॅनिमिया किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेव्हा ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

"पण मी कुठे जाड आहे?" हे आपलं ठरलेलं वाक्य. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण बारीक दिसतो, पण चरबी आत असते. म्हणूनच २०१५ पासून अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासून करायला सांगते. डॉक्टरांच्या लक्षात नसेल तर आपण आठवण करून द्यायची.

आता गोळीचं. प्रीडायबिटीस असेल तर बहुतेकांना आधी आहार आणि व्यायामच सांगतात. २००२ साली इथे अमेरिकेत तीन हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायामाचं लक्ष्य ठेवलं, त्यांच्यात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. मात्र २००६ साली चेन्नईच्या अशाच अभ्यासात दोन्ही जवळपास बरोबरीत आले. व्यायाम-आहाराने २८.५ टक्के, गोळीने २६.४. म्हणजे आपल्या लोकांना चालण्याचा फायदा आहेच, पण गोळीलाही कमी लेखू नये.

डायबिटीसचं निदान झालं की चित्र बदलतं. तेव्हा साधारणपणे गोळी लगेच सुरू करतात. आकडा साडेसातच्या आत असेल आणि माणूस मनापासून करणारा असेल, तर डॉक्टर तीन ते सहा महिने देऊ शकतात. माझा आकडा ६.८ होता. डॉक्टरांनी विचारलं, काय करायचं? मी तीन महिने मागून घेतले, पण कामातली एक सवय लावली: तारीख आणि आकडा आधीच ठरवला. जूनच्या अखेरीस ६.५ च्या खाली आलं नाही तर गोळी, मग चर्चा नाही. बायकोसमोर कॅलेंडरवर लिहिलं. रात्रीचा भात बंद केला, जेवणानंतर अर्धा तास चाललो, नऊ पौंड उतरले. जूनमध्ये आकडा आला ६.६.

आई सांगलीहून फोनवर म्हणाली, "अरे, इतका जवळ आलायस, अजून थोडे दिवस बघ. एकदा गोळी लागली की सुटत नाही." तिची काळजी खरी आहे. पण मंडळी, गोळीची सवय लागत नाही. राहतो तो आजार. वजन उतरल्यावर डॉक्टरांनी गोळी कमी केलेले, थांबवलेले लोकही आहेत. मी त्याच आठवड्यात सुरू केली.

कारण "थोडे दिवस" फुकट मिळत नाहीत. १९९८ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, निदानापासूनच साखर नीट आवरली तर डोळे-किडनीसारख्या लहान रक्तवाहिन्यांचे त्रास चौथ्या हिश्श्याने कमी झालेले दिसले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर वर्षभरात सारखी झाली, तरी दहा वर्षांनंतरही आधीच्या गटाचा फायदा टिकून होता. सुरुवातीची वर्षं पुढे व्याजासकट हिशोबात येतात.

काही बाबतीत वाट बघायचीच नाही. खूप तहान, वारंवार लघवी, न सांगता उतरणारं वजन, दहाच्या वरचा आकडा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर औषधाची निवड वेगळी असते, आणि ती नुसत्या ए-वन-सीवर ठरत नाही.

मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडू शकतं. जेवणाबरोबर, कमी डोसने, हळूहळू सुटणारी एक्स्टेंडेड रिलीज गोळी घेतली तर त्रास कमी होतो. आधी किडनीची तपासणी हवी. पुढे बी-ट्वेल्व्ह अधूनमधून तपासा, शाकाहारी असाल तर नक्कीच.

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्याकडे थांबायला वेळ आहे का? किती महिने? आणि कोणत्या आकड्याला गोळी सुरू करायची? उत्तरं लिहून घ्या आणि घरात एकाला तरी दाखवा. तारीख नसलेलं "बघू" म्हणजे निर्णय नव्हे.

आणि पॉटलकला कोणी एकच गुलाबजाम घेतला, तर आग्रह करू नका.